जपलेला हात

ऑपरेशन चालू असताना पेशंट फोनवर केळीचा सौदा करत होता, हे मी सांगितलं की आमच्या गल्लीतले लोक एकमेकांकडे बघतात आणि विषय बदलतात. मला तोंडावर थापाड्या म्हणायची कोणाची हिंमत नाही, पण मनात म्हणतात ते कळतं. म्हणून म्हटलं, यंदा लिहूनच टाकू. छापलेलं ते खरं, असा आपल्याकडे समज आहे. त्याचा फायदा जगाने घेतला, थोडा मीही घेतो.

माणूस फैजपूरचा होता. केळीचा घड उतरवताना विळा हातावर बसला आणि बोट वाकवायची जी आतली दोरी असते ती तुटली. मेहुणा धुळ्याचा, म्हणून त्याला आमच्या दवाखान्यात आणलं. त्याचा तेवढा एक हात काखेतून बधिर केलेला, बाकी गडी टक्क जागा. दुसऱ्या हातातला फोन सोडायला तयार नाही. भूलवाल्या मॅडम मला म्हणाल्या, "राहू द्या मामा. बोलत राहिला तर मलाही बरं."

फोन वाजला. पलीकडे व्यापारी.

"पाटील, गाडी उद्या भरायची की नाही?"

"अरे भाऊ, मी ऑपरेशनच्या टेबलावर आहे! हात कापलाय माझा."

"मागच्या खेपेला सासरे वारले होते. त्याच्या आधी तुम्ही कोर्टात होता. आता जरा नवीन काहीतरी काढा."

फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. साहेबांनी, म्हणजे हाडाच्या डॉक्टरांनी, सुई वर धरून हात थांबवला, कारण हसता हसता टाका घालायचा नसतो. पाटील मला म्हणाले, "मामा, तुम्हीच सांगा या शहाण्याला." मी फोन घेतला आणि आवाज जड करून म्हटलं, "मी ऑपरेशन थिएटरमधून बोलतोय." व्यापारी म्हणाला, "वा! आता बोलायला माणूसही ठेवला का?"

तो चेष्टेत म्हणाला, पण खरं बोलला. त्या दवाखान्यात मी बोलायला ठेवलेला माणूसच होतो.

मी मूळचा यावलचा. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या मेहरबानीने. धुळ्याला सासुरवाडी, म्हणून इकडे आलो आणि हाडांच्या दवाखान्यात चिकटलो. दवाखान्यात कामाच्या बाईला मावशी म्हणतात आणि माणसाला मामा. डॉक्टर सोडले तर सगळं नात्यातलंच असतं. ट्रॉली ओढायची, पेशंटला टेबलावर नीट निजवायचं, साहेब म्हणतील तसा हात किंवा पाय उचलून धरायचा, ही माझी कामं. कागदावर तेवढीच. पण मॅडम आल्या आणि त्यांनी हात-पाय बधिर करायचं काम सुरू केलं, तेव्हा माझं खरं काम निघालं.

ते काय असतं ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की भूल म्हणजे एकच असते. पूर्ण भूल म्हणजे बठ्ठ्या, म्हणजे अख्ख्या, गावाची लाईट घालवायची. कमरेतून देतात ती म्हणजे अर्ध्या गावाची. आणि हा जो प्रकार आहे, ज्याला डॉक्टर लोक ब्लॉक म्हणतात, त्यात एकाच गल्लीचा फ्यूज काढायचा. हाताकडे जाणाऱ्या नसा काखेतून किंवा गळपट्टीच्या हाडाजवळून जातात. तिथे नसेच्या भोवती औषध सोडलं की हातातली दुखाची बातमी डोक्यापर्यंत जात नाही. बाकी गाव आपलं जागं, गप्पा मारतंय, खोकतंय, केळी विकतंय.

नस आधी अंदाजाने शोधायचे. पुढे सोनोग्राफीचं मशीन आलं आणि नस पडद्यावर दिसायला लागली. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ओरडलोच, "मॅडम, हा तर केळीचा खांब!" केळीचा खांब आडवा कापला की आत कशी भोकं भोकं, जाळी जाळी दिसते, हुबेहूब तशी नस. मॅडम कोल्हापूरकडच्या. त्यांनी उसाचे मळे पाहिलेले, केळीच्या बागा नाही. मी दुसऱ्या दिवशी यावलच्या एसटीतून खांबाचा तुकडा मागवून घेतला आणि टेबलावर ठेवला. त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि त्यानंतर शिकायला येणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरला त्या सांगायच्या, "केळीचा खांब शोधा." मी कोपऱ्यात ताठ उभा राहायचो.

आता बोलण्याचं. ते औषध चुकून रक्तात जास्त गेलं तर आधी ओठाला मुंग्या येतात, कानात गुंई होतं, जिभेला लोखंड चाटल्यासारखी चव येते, माणूस बरळायला लागतो. मशीन ते नंतर सांगतं. बोलणारा माणूस आधी सांगतो. म्हणून पेशंटला बोलतं ठेवायचं. "काय भाऊ, गाव कोणतं? जिभेला कशी चव लागते? पोरं किती?" मध्येच चवीचं विचारायचं, म्हणजे घाबरत नाही. या कामात माझ्या तोडीचा माणूस धुळे जिल्ह्यात नव्हता. जळगावात असेल तर मला माहीत नाही आणि मी मानणारही नाही.

मला या फ्यूज काढण्याचं एवढं वेड का, तेही सांगतो. माझा थोरला भाऊ ऐन जवानीत बागेत पडला, कोपर निखळलं. त्या काळी आमच्याकडे हाड बसवणारा होता. चौघांनी भावाला धरलं, त्यातला एक मी. भावाने माझ्याकडे बघून जी किंकाळी फोडली ती मी नोकरीभर ऐकत होतो. भाऊ आता नाही. हे औषध त्याच्या वेळी आमच्या गावापर्यंत आलं नाही, एवढीच माझी तक्रार आहे आणि ती कोणाकडे करावी ते मला कळलेलं नाही.

असो. मला सांगायची आहे ती गोजराक्काची गोष्ट.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, होळीच्या अगोदर, शिंदखेड्याकडून एक बाई आली. साठीच्या पुढची, काटक, नाकात मोठी नथीची खूण, आवाज असा की ओपीडीतले सगळे वळून बघायचे. ओट्यावरून पाय घसरून पडली आणि उजव्या हाताचं मनगटाच्या वरचं हाड मोडलं. दोन तुकडे एकमेकांवर चढलेले. प्लेट बसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सोबत सून, सुनंदा नावाची, बारीक, शांत, सासूच्या आवाजापुढे स्वतःचा आवाज गमावून बसलेली.

गोजराक्का म्हणजे मांडे करणारी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मांडा म्हणजे आमची खापरावरची पुरणपोळी. पोळपाट-लाटण्यावर होते ती वेगळी. मांड्याची कणीक लोण्यासारखी मऊ मळतात, पुरण भरून छोटी लाटतात आणि मग दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर झेलत झेलत वाढवतात. कोपरापर्यंत येते. इतकी पातळ की पलीकडचं माणूस दिसावं. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर एका झटक्यात टाकायची. फाटली तर पुरण खापरावर आणि इज्जत धुळीत. शिंदखेड्याच्या आसपास लग्न असो की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, गोजराक्का आली म्हणजे मांडे झाले, असं होतं.

तर ती साहेबांना पहिला प्रश्न काय विचारते? "आखाजीले मांडा करता येई का?"

साहेब म्हणाले, "आक्का, आधी ऑपरेशन तर होऊ द्या."

"तेच इचारी ऱ्हायनू. येई का नही?"

मोडलेल्या हाताने समोरच्या माणसाची उलटतपासणी करणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

अडचण दुसरीच होती. जन्मभर चुलीच्या धुरात बसून अक्काची छाती बाद झाली होती. बोलताना मधूनमधून धाप लागायची. पूर्ण भूल दिली तर नंतर श्वासाचं काय होईल, सांगता येत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "हाताचाच ब्लॉक देऊ. तोही काखेतून. मानेकडून दिला तर श्वासाचा पडदा एका बाजूने सुस्त होतो, हिला ते परवडणार नाही." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मामा, आक्कांना समजावून सांगा."

मी गेलो आणि सांगितलं, "आक्का, काळजी नको. तुम्हाला पूर्ण भूल द्यायची नाही. फक्त ब्लॉक द्यायचा."

बाई खाटेवरून उठून चप्पल शोधायला लागली.

"सुनंदा, पिशवी ले. चाल घर."

"अहो आक्का, काय झालं?"

"मना मालक ब्लॉकनीच गयात! तीन ब्लॉक निंघनात त्यास्ना छातीमा. आनि तुम्हीन माले नवा ब्लॉक *देतस*? लोके काढतस आनि तुम्हीन घालतस?"

इतकी वर्षं हा शब्द वापरला, पण खेड्यापाड्यात ब्लॉक म्हणजे हृदयातला, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मॅडम मागे उभ्या होत्या. मग त्या स्टुलावर बसल्या आणि अक्काला सगळं पहिल्यापासून सांगितलं. मी मध्ये म्हटलं, "काही होत नाही हो, नुसती सुई." मॅडमनी मला तिथल्या तिथे दाबलं. "मामा, काही होत नाही असं म्हणायचं नाही. जे होतं ते सांगायचं." आणि त्यांनी सांगितलं. हात दिवसभर लाकडासारखा पडेल. कधी कधी नीट लागत नाही, मग दुसरा उपाय करावा लागतो. आणि एखाद्याच्या बोटाला नंतर काही आठवडे मुंग्या किंवा बधिरपणा राहतो, बहुतेक वेळा जातो.

मला राग आला. बाई निम्मी पळालेली, आणि ह्या अजून घाबरवतात. पण अक्का उलट थांबली. तिने चप्पल पायातून काढली.

"तू खरं बोलस," ती मॅडमना म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "मंग असं करा. मना हात जपाडी द्या. माले नका जपाडू."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हात झोपवा म्हणते, मला झोपवू नका." मॅडम खूश. "अगदी बरोबर! हेच करणार आहे."

अहिराणीत जपणे म्हणजे झोपणे. जपी जा, म्हणजे झोपी जा. मी यावलकडचा, आमची बोली निराळी, पण धुळ्यात राहून कान तयार झालेले. मॅडमच्या लक्षात तेवढाच भाग राहिला की बाई तयार झाली. शब्द निसटला. हे लक्षात ठेवा.

ऑपरेशन सकाळी होतं. अक्काचा हात डोक्याकडे वर घेऊन कोपरात दुमडला, काख मोकळी केली, पडद्यावर केळीचे खांब दिसले, मॅडमनी एकेका खांबाभोवती औषध सोडलं. मी दुसऱ्या बाजूने तोंड चालू ठेवलं. जिभेची चव, कानात आवाज, सगळं ठीक. थोड्या वेळाने हात गरम पडला, शिरा फुगल्या, स्पिरीटचा बोळा लावला तर गार लागेना. मग हात खाली आणून बाजूच्या फळीवर ठेवला, हिरवं कापड मध्ये टाकलं आणि साहेबांनी काम सुरू केलं.

अक्का छताकडे बघत होती. एकदम म्हणाली, "मामा, मना हात वर शे. कितला येळ धरी ठेवू? खाले करा ना!"

"आक्का, हात खालीच आहे."

"येडी बनाडस का माले? मना हात माले समजस नही का?"

हे या भुलीतलं मोठं गमतीचं आहे. हात बधिर होताना शेवटी ज्या जागी होता, तिथेच तो आहे असं डोक्याला वाटत राहतं. खाली ठेवला तरी बातमीच पोचत नाही ना. एक फौजदार तर टेबलावर उचललेला स्वतःचा पाय बघून ओरडला होता, "हा कोणाचा पाय माझ्या अंगावर? बाजूला घ्या!" आता मात्र अक्काला हात वर तोलून धरल्याचा शीण व्हायला लागला. खोटाच, पण तिला खरा.

मी म्हटलं, "आक्का, समजा वर आहे. मांडा धरलाय असं समजा. मोठा मांडा. सांगा बरं कसा करायचा, मला कधी जमला नाही."

झालं. बाईने छताकडे बघत मांडे करायला घेतले. गहू कोणता, तो भिजवून कसा सुकवायचा, कणीक किती तिंबायची, पुरणात जायफळ कधी घालायचं. साहेब तिकडे स्क्रू पिळतायत आणि इकडे ती सांगतेय, "आंगठा आनि हाई बोट, यास्नावर मांडा नाचस. डोयाले काय बी दिसत नही. कोठे पातळ व्हयना ते बोटले समजस."

साहेब पडद्यामागून म्हणाले, "आक्का, मैदा चालतो का?"

ती इतकी चिडली की मशीनवर बीपी वर गेलं. मॅडम साहेबांवर ओरडल्या, "तुम्ही तुमचं हाड बघा!"

ऑपरेशन सुरेख झालं. प्लेट बसली, प्लास्टर घातलं, हात गळ्यात झोळीत टाकला. वॉर्डात नेल्यावर मॅडम स्वतः आल्या. हात अजून पूर्ण मेलेला होता, तो संध्याकाळपर्यंत तसाच राहणार होता, आणि असा हात म्हणजे तान्हं पोर असतं. कशावर आपटला, कशाखाली दबला, चहाने भाजला, काही कळत नाही. म्हणून त्यांनी सुनेला बजावून सांगितलं, "सुनंदाताई, एकच सांगते. आता हात जपा. फार जपा. मी सांगेपर्यंत जपा."

सुनंदा मान हलवून हो म्हणाली. मी तेव्हा पुढच्या पेशंटची ट्रॉली आणायला गेलो होतो. मी असतो तर हे पुढचं झालं नसतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

परत आलो तर अक्का खाटेवर बसून डाव्या हाताने कपबशीतला चहा भुरकत होती. एकदम प्रसन्न. झोळी काढून उशाला घडी करून ठेवलेली. आणि तो मेलेला हात खाटेच्या कडेवरून घसरून, त्याचा अंगठा खाली दुमडणाऱ्या लोखंडी कठड्याच्या फटीत पार अडकलेला, काळानिळा होत चाललेला. बाईला पत्ता नाही. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "चहा लेतस का, मामा?"

मी ओरडलो तशी वॉर्डातली माणसं गोळा झाली. कठडा उचलला, हात सोडवला. अक्का अंगठ्याकडे परक्याच्या अंगठ्यासारखं बघत म्हणाली, "अरे बापरे, हाऊ मनाच शे का?"

मॅडम धावत आल्या. त्यांचा चेहरा पांढरा. "सुनंदाताई! मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

त्या दिवशी पहिल्यांदा सुनंदाचा आवाज मी मोठा ऐकला. "तुम्हीनच सांगं ना मॅडम, हात जपा! फार जपा! मंग मी झोळी सोडी, उशीवर ठेवा आनि जपाडी दिधा! बसेल माणूस जपस का? हात बी आडवा करा पडस ना!"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं, "मॅडम, हिच्याकडे जपणे म्हणजे झोपणे. तुम्ही सांगितलं, हात झोपवा, फार झोपवा."

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. आधी हसल्या, मग एकदम रडायच्या बेतात आल्या, आणि त्या दोन्हीच्या मध्ये अक्काचा आवाज आला, "पोरीनी बरोबर करं. हात जपेलच व्हता. घोरे नही, तितलंच."

सगळा वॉर्ड हसला. मीही. पण ते हसणं फार टिकलं नाही.

संध्याकाळी हात जागा झाला. दुखण्याची गोळी आधीच दिलेली होती, कारण फ्यूज परत बसला की दुख एकदम लाईट आल्यासारखी येते. बोटं हलली. करंगळी जागी, मधलं बोट जागं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट मात्र झोपलेलंच. हलायचं, पण स्पर्श कळेना. दुसऱ्या दिवशीही नाही. टाके काढायला आली तेव्हाही नाही. आणि मांडा नाचतो तो नेमका याच दोन बोटांवर.

मग दवाखान्यात जे भांडण सुरू झालं तसं मी कुठे पाहिलं नाही. एरवी लोक दोष दुसऱ्यावर ढकलतात. इथे प्रत्येकजण स्वतःकडे ओढत होता. मॅडम म्हणायच्या, "माझ्या सुईनेच असेल." साहेब म्हणायचे, "छे, हाड मोडतानाच नस चेचली असणार, नाहीतर माझ्या प्लेटने." सुनंदा म्हणायची, "मना हातनी झायं, कठड्यामा मीच अडकाडा." मी सगळ्यांना सांगत होतो, "सुईला नावं ठेवू नका. त्या सुईने माणसं किंचाळायची थांबली." या बाबतीत मी हट्टी आहे आणि राहणार. पण मॅडम म्हणाल्या, "मामा, चांगल्या गोष्टीची बाजू घ्यायला तिचं वाईट झाकावं लागत नाही."

मॅडमनी मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, नस तुटलेली नाही, दबलेली आहे, वाट बघा. मॅडम दर आठवड्याला अक्काला फोन करायच्या, मी शेजारी उभा राहायचो.

"आक्का, बोटाला काही कळतं का?"

"नही. मुंग्या चालतस नुसत्या. मुंग्यास्ले मांडा करता येस का इचारू का?"

हसून बोलायची. पण एकदा सुनंदाने फोन घेतला आणि सांगितलं की प्लास्टर निघाल्यापासून आई रोज चुलीपाशी बसतात, साधी कणीक हातावर घेतात आणि ती फाटते. रोज फाटते. आता त्यांनी लग्नाची बोलावणी परत पाठवायला सुरुवात केली आहे.

मुंग्या म्हणजे नस जागी होण्याची खूण, असं मॅडम मला समजावत. पण ते त्या मला समजावत होत्या की स्वतःला, ते मला कळत नव्हतं.

आखाजी आली. अक्काचा निरोप आला, "मॅडमले आनि मामाले जेवाले बलावेल शे." मॅडम म्हणाल्या, कोणत्या तोंडाने जायचं? मी म्हटलं, बोलावणं आलंय ते तोंड बघून आलेलं नाही, चला. साहेबांना ऑपरेशन होतं, ते राहिले. आम्ही दोघं मॅडमच्या गाडीतून शिंदखेड्याला गेलो.

अंगणात निंबाला झोका बांधलेला, माहेरी आलेल्या पोरी त्यावर गाणी म्हणत होत्या. आंब्याचा रस पातेल्यात तयार. चूल पेटलेली, खापर तापलेलं. आणि चुलीपाशी कोण? सुनंदा! अक्का बाजूला पाटावर बसलेली, दोन्ही हात मांडीत.

सुनंदाने कणीक हातावर घेतली. दोन झेपा नीट गेल्या, तिसरीला मांडा एका बाजूला लोंबला. अक्काच्या तोंडून निघालं, "आंगठा! आंगठा सरळ कर व!" सुनंदाने टाकला तो खापरावर पडला खरा, पण आकार असा की तापीचं पात्र. पोरी हसल्या. दुसरा फाटला. पुरण खापरावर जळायला लागलं, धूर झाला, सुनंदाच्या डोळ्यांत पाणी, धुराचं की कशाचं देव जाणे.

अक्काला राहवलं नाही. "सरक."

"आई, तुमना हात..."

"सरक म्हनं ना!"

ती चुलीपुढे बसली. जळकं पुरण खरवडून काढलं, कणकेचा गोळा उचलला, पुरण भरलं, लाटला, हातावर घेतला. झोक्यावरच्या पोरी गाणं विसरल्या. मॅडमनी माझ्या सदऱ्याची बाही धरली होती, त्यांना ते कळलंही नसेल. मांडा डाव्या हातावरून उजव्यावर आला, परत गेला. उजवा तळवा पहिल्यासारखा पुरता वर वळत नव्हता, म्हणून ती खांद्यातून वळत होती. मांडा वाढत होता. मनगटापर्यंत आला, पुढे आला. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. बोटाला समजत होतं की नुसत्या सवयीने चालली होती, कोणी सांगावं? मग ती पुढे वाकली आणि मांडा खापरावर टाकला.

पडला. अखंड, गोल, खापरभर.

आणि त्याच वेळी अक्का किंचाळली. उजवा हात झटकून तिने अंगठा तोंडात घातला. मॅडम धावल्या, सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली, मी म्हटलं झालं आता. अक्काने अंगठा तोंडातून काढला, डोळ्यांसमोर धरला, त्याच्याकडे बघितलं आणि अंगणभर ऐकू जाईल अशी ओरडली,

"चटका बसना! व माय, माले चटका बसना! आंगठाले!"

मॅडमनी तो भाजलेला अंगठा दोन्ही हातांत धरला आणि डॉक्टर असून विचारलं काय, तर, "खूप दुखतंय का हो आक्का?"

"भलतं दुखस!" अक्का म्हणाली, आणि हसता हसता तिला धाप लागली. सुनंदा हसत होती, पोरी हसत होत्या, म्हातारी पुन्हा पुन्हा अंगठा पुढे करून प्रत्येकीला दाखवत होती, जणू त्यात अंगठी घातली आहे. जळल्याचा वास आधी माझ्या नाकाला आला. मी म्हटलं, "आक्का, मांडा!"

तिने मागे वळून खापराकडे पाहिलं. एवढा मोठा मांडा, खालून काळा कोळसा.

"जळू दे त्याले," ती म्हणाली. "अजून कणीक पडेल शे ना."